मेला म्हणायचं नाही

पदूकाकांसमोर कुठल्याही वस्तूला 'मेली' म्हणायची सोय नव्हती.

मी भिवंडीजवळच्या कामतघरात त्यांच्या चाळीत खोली घेतली, त्याच आठवड्यात आमचं भिंतीवरचं घड्याळ थांबलं. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, त्यामुळे ते थांबल्याचं मला फारसं दुःख नव्हतं. "मेलं एकदाचं," असं मी खिडकीत उभा राहून बायकोला अगदी हळू म्हणालो. रस्त्यापलीकडे आपल्या घराच्या ओटीवर बसलेले पदूकाका उठले आणि थेट आमच्या घरात आले. ना ओळख ना पाळख. त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं आणि मला दम दिला, "गुरुजी, मेला म्हनू नका. निजलाय तो."

चार दिवसांनी घड्याळ परत आलं. चालत होतं, पण ठोके देताना त्याला कसलाच धरबंध नसे. सकाळी सातला दोन, दुपारी एकला अकरा. मी तक्रार केली तर काका म्हणाले, नुकता जागा झालाय, हळूहळू शहाणपण येईल. ते शेवटपर्यंत आलं नाही.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा कामतघरात दोनच आवाज होते, लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, आणि लूमच्या वरताण ओरडणाऱ्या माणसांचे. पदूकाका इथलेच. उंच, वाळके, खांद्यावर पंचा आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी पक्कड. हयात सगळी लूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली. जॉबर म्हणजे लूम अडला की त्याला मार्गी लावणारा माणूस. त्या खटखटाटात उजवा कान गेला, तेव्हा पोरांनी त्यांना घरी बसवलं. पोरं कल्याणला नोकरीला. घरी काका, हिराकाकी आणि चाळीतल्या चार खोल्यांचे आम्ही भाडेकरू. लूम हाताखालून गेल्यावर काकांनी सगळी आळीच हाताखाली घेतली.

मला एक कोडं मात्र बरेच दिवस सुटत नव्हतं. उजव्या कानाने ठार बहिरा असलेला हा माणूस रस्त्यापलीकडून माझं कुजबुजणं ऐकतो कसा? एकदा बायकोचं आणि माझं खिडकीत भांडण जुंपलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आम्ही ते दबक्या आवाजात चालवलं होतं. संध्याकाळी काका आले आणि म्हणाले, तिचा बरोबर हाय, माहेरी जाऊ द्या. मग मीच त्यांना विचारलं. ते हसले. लूम चालू असताना कानाचा उपयोग कुणालाच नसतो, म्हणाले. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालतात, शिव्यासुद्धा. "तुमचा मात्र अर्धाच कलतो, गुरुजी. बाकीचा मिशीत अडकतो. काढून टाका ती."

माझी मिशी झुपकेदार होती आणि माझ्या मते ती माझ्या चेहऱ्यावरची एकमेव जमेची बाजू होती. मी नकार दिला. त्यानंतर काका दर आठ-पंधरा दिवसांनी मिशीची चौकशी करत राहिले.

शब्दांचा नाद त्यांना माझ्यामुळे लागला. मारुतीच्या देवळावर 'जीर्णोद्धार समिती' अशी पाटी लागली होती. काकांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी शाळामास्तर, मला एवढं पुरे. पडक्याला पुन्हा उभं करणं, असं मी सांगितलं. काकांचे डोळे लकाकले. आपण आयुष्यभर जे करत आलो त्याला एवढं भारदस्त नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. असले आणखी शब्द आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी पुनरुज्जीवन दिला, पुनरुत्थान दिला, नवसंजीवनी आणि ऊर्जितावस्थाही दिली. बाजारात वांगी दाबून बघावीत तसा प्रत्येक शब्द त्यांनी दोन-तीनदा तोंडात फिरवून पाहिला आणि मग आळीत वाटून टाकला. सायकलीचं पुनरुत्थान. सुकलेल्या शेवग्याला नवसंजीवनी. नळाच्या तोटीला ऊर्जितावस्था.

घरात मात्र ते असं बोलत नसत. घरात चूल चेतवायची, विहीर उपसायची, भांडं उजळायचं, आणि सुकलं झाड फुटवायचं. प्रत्येकाचं उठणं वेगळं, म्हणून शब्द वेगळा. तुमचे शब्द जत्रेतले कपडे आहेत, असं त्यांनी मला एकदा ऐकवलं. दिसायला झकास, पण अंगात घालून काम होत नाही.

आमच्या स्टोव्हचा त्यांनी जीर्णोद्धार केला तो दिवस मला चांगला आठवतो. जाळ आढ्याला लागला. हिराकाकी ओलं गोणपाट घेऊन धावल्या नसत्या तर चाळच नव्याने बांधावी लागली असती. काकांच्या भुवया त्यात गेल्या. पुढे महिनाभर त्यांच्या चेहऱ्यावर कायम कशाचं तरी आश्चर्य दिसत असे. स्टोव्ह मात्र चालू झाला.

भजनी मंडळाचं तसंच. पेटीवाला आणि पखवाजवाला यांच्यात मध्ये कुणी बसायचं यावरून कधीकाळी वाजलं होतं आणि मंडळ बंद पडलं होतं. पुढे दोघं भांडण विसरले. एकाच हॉटेलात एक चहा दोघांत घेत. सगळं सुखात चाललं होतं. काकांना ते बघवलं नाही. त्यांनी दोघांच्या हातापाया पडून मंडळाचं पुनरुज्जीवन केलं. दुसऱ्या अभंगाला पेटीवाला थोडा मध्ये सरकला आणि दोघांना जुनं सगळं आठवलं. मंडळाबरोबर भांडणही जिवंत झालं, आणि आता चहाही गेला.

शेजारणीची एक कोंबडी उकिरड्याशी पाय ताणून पडली होती. काकांनी तिच्या चोचीत कांद्याचा रस पिळला आणि तिला ओंजळीत घेऊन तासभर चोळलं. कोंबडी उठली. तेव्हापासून ती मालकिणीला ओळखेना. काका न्हाव्याकडे गेले तर ही न्हाव्याच्या दारात. अंडी घालायला मात्र तिने काकांच्या खाटेखालची एक विचित्र जागा निवडली होती. तिथे एक जुना लाउडस्पीकरचा कर्णा आडवा पडलेला होता, त्यात.

त्या कर्ण्याला काका हात लावत नसत. आळीतल्या पोरांनी एकदा गणपतीसाठी तो मागितला. जो माणूस मोडक्या छत्रीला नाही म्हणत नाही, तो म्हणाला, "न्हाय. तो निजू द्या." आणि विषय बदलला.

त्या कर्ण्याची हकिकत मला हिराकाकींनी सांगितली. इथल्या आगरी-कुणब्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी एक बाई लागते, धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गाते, आणि तिच्या गाण्यात जे येईल ते मांडवात घडतं. ती गाण्यात देव बोलावते तेव्हा देव आले, ती गाण्यात हळद आणते तेव्हा नवरीला हळद लागली. भटजी उशिरा आला तर एक वेळ चालेल, धवलारीण नसेल तर लग्न लागलंच नाही. हिराकाकी अशा धवलारीण होत्या. पार अंबाडी गावापर्यंतची लग्नं त्यांच्या तारखा बघून ठरत.

काकांचा एक कान तेव्हाच जायला लागला होता. त्यांना भंगारात एक मुका लाउडस्पीकर मिळाला आणि त्यांनी तो बोलता केला. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली मोठी करामत. अंबाडीजवळच्या गावात काकींच्या भाचीचं, वत्सलाचं लग्न होतं. काका हौसेने तो कर्णा बैलगाडीत घालून घेऊन गेले आणि मांडवाच्या खांबाला बांधला. आत काकींनी धवला धरला. हळद शेतातून निघाली, घरी आली, उखळात पडली. बाहेर काकांना वाटलं, बायका अजून नुसत्या बसल्याच आहेत. त्यांनी कर्ण्याला जोडलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली. सिनेमातल्या बाईने जी तान घेतली तिच्यात काकींचा आवाज बुडाला तो बुडालाच. पोरांनी टाळ्या पिटल्या. काकी उठून बाहेर आल्या. पुढचं लग्न भटजीने उरकलं.

"हलद उखलातच र्‍हायली," एवढंच काकी म्हणाल्या. अर्धा टाकून आले, आता दुसरा कुठल्या तोंडाने धरू, असं म्हणत त्यांनी पुढची सगळी आमंत्रणं परतवली. एरवी या बाईंचं तोंड दिवसभर चालू असे. काकांना, कोंबडीला, नळाला, मला, सगळ्यांना त्या बोलत. पण दळताना-कांडताना साधी गुणगुण नाही. बारा वर्षं होत आली होती.

म्हणजे आळीतलं सगळं उठवणाऱ्या माणसाच्या घरातच एक गोष्ट त्यानेच निजवलेली होती. हे कळल्यावर मला त्यांच्या पकडीची थट्टा करवेना.

एका संध्याकाळी काका भिवंडीच्या कानाच्या डॉक्टरकडून आले आणि घरी न जाता माझ्याकडे आले. डावाही चाललाय, म्हणाले. मग बराच वेळ कोंबडीला कुरवाळत बसले आणि त्यांनी विचारलं, गळा निजला असेल तर तो उठवण्याला काय म्हणतात? मी पुन्हा माझं पोतं उघडलं. पुनरुज्जीवन म्हणून पाहिलं, पुनरुद्धार म्हणून पाहिलं. त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली.

"हे सगले देवलाचे, गुरुजी. बायकोचा एकादा सांगा."

माझ्याजवळ नव्हता. काका उठले. दारात थांबून म्हणाले, "कान हाय तवर तिचा धवला एकदा ऐकायचाय. बाकी काय न्हाय."

त्यांनी प्रयत्न सुरू केले. आधी तुळशीचं लग्न दणक्यात लावलं. काकींनी तुळशीला कुंकू लावलं, काकांना चार शब्द सुनावले आणि त्या आत गेल्या. मग काकांनी स्वतःच धवला म्हणायला सुरुवात केली. चुकीचा तिला ऐकवणार नाही म्हणून ती दुरुस्त करील, असा त्यांचा हिशेब. आळीतली कुत्री दुरुस्त करायला आली, काकींनी दार लावून घेतलं.

पण त्या दाराबाहेर बसल्या बसल्याच त्यांना खरी युक्ती सुचली असावी. अर्धवट राहिलंय ना, मग पुरं करू. जिथे अडलंय तिथूनच लूम पुढे चालवायचा असतो, हे जॉबरला कुणी शिकवायला नको. काका एसटीने अंबाडीला गेले. पुन्हा गेले. वत्सला एका पायावर तयार होती, कारण तिचंही त्यात अडलं होतं. तिची सासू घरातल्या प्रत्येक संकटाचं खापर त्या अर्ध्या धवल्यावर फोडायची. म्हैस आटली, तुझं लग्न अर्धं. कौलं गळली, तुझं लग्न अर्धं. बारा वर्षांत तिला तीन पोरं झाली तरी सासू तिला पुरती सून मानायला तयार नव्हती. नवरा नामदेव मात्र लाजत होता. शाळेत शिपाई होता, लोक हसतील म्हणाला. काकांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण एक रविवार ठरला. शुक्रवारी लूम बंदच असतात, तो दिवस बरा पडला असता, पण नामदेवला सुट्टी रविवारची.

रविवारी सकाळी नवरा-नवरी तीन पोरांसह एसटीतून उतरली. नामदेवचा घेर बारा वर्षांत असा वाढला होता की चौरंगावर एकटाही मावेना. त्याची थोरली मुलगी, हे आईबापांचं काय चाललंय ते बघून, खांबाआड तोंड लपवून बसली. काका सगळ्यांना सांगत होते, हे नवं लग्न नाही, राहिलेलं आहे.

काकींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या नळावरून आल्या, ओटीवर मांडलेला चौरंग बघितला, भाचीला बघितलं, आणि घागर खाली ठेवून म्हणाल्या, "ल्येकरांची आय ती. तिला कसली हलद?" त्या आत जायला वळल्या. तेव्हा वत्सला पुढे झाली. तिने वाद घातला नाही, रडली नाही. फक्त हात पुढे केला आणि म्हणाली, "मावशे, सासू रोज बोलते. येवढी उखलातून काढ."

काकी उंबऱ्यातच थांबल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि खेकसल्या, "या खटखटीत गाऊ काय? पुन्ना बुडवता?"

हे ऐकायला, म्हणजे बघायला, काका समोरच होते. ते तडक आळीत सुटले. मीही मागोमाग गेलो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आयुष्यात 'बंद' हा शब्द न उच्चारलेला माणूस एकेका कारखान्याच्या दारात उभा राहून हात जोडून सांगत होता, बंद करा. पहिल्याच कारखान्याचे मालक कादरशेठ दचकून उठले. लूम बंद करायला सांगायला पदू जॉबर आलाय म्हणजे आभाळच कोसळलं असणार.

"कौन गुजर गया, पदूभाई?"

"कोई नहीं शेठ. शादी है."

"किसकी?"

"बारा साल पुरानी है. थोडी बाकी रह गयी थी."

कादरशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? त्यांनी आत वळून हात वर केला. पदूकाकांनी त्यांचे किती लूम रात्रीबेरात्री चालू करून दिले होते, हे त्यांना आठवलं असावं. एक कारखाना थांबला, मग शेजारचा, मग त्यापलीकडचा. सुट्टी नसताना कामतघरात अशी शांतता मी तरी कधी अनुभवली नव्हती. कामगार बनियनवर बाहेर येऊन कडेला उभे राहिले. आमच्या घड्याळाने तेवढ्यात चार ठोके दिले. वाजले होते अकरा.

काकींनी डोळे मिटले आणि धवला धरला, बरोबर उखळापासून. आवाज आधी खरखरला. बारा वर्षांचा गंज होता. मग मोकळा झाला आणि आळीभर पसरला. हळद उखळातून निघाली, वाटीत आली, पाच जणींच्या हातांवरून पुढे सरकली. वत्सलाच्या गालाला खरोखरची हळद लागली तेव्हा नामदेवने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघून उगाच खोकला.

एक गोष्ट मात्र बायकांना खटकत होती. धवलारणीने नवरीकडे बघून गायचं असतं. काकी डोळे उघडल्यापासून नवरीकडे बघतच नव्हत्या. त्या खांबाशी बसलेल्या काकांकडे तोंड करून गात होत्या, तेही एकेक अक्षर सुटं करून, लहान मुलाला घास भरवावा तसं. एका म्हातारीने त्यांना टोकलं, इकडे बघ की गं. काकींनी ऐकलं नाही. काका गुडघ्याला मिठी मारून बसले होते आणि त्यांची नजर काकींच्या तोंडावरून हलत नव्हती.

धवला संपला. काकींनी वत्सलाची अलाबला घेतली आणि म्हणाल्या, जा, सांग सासूला. मला राहवलं नाही. धवल्याचं पुनरुज्जीवन झालं, असं मी मोठ्याने म्हणालो. काकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच सुई टेकवली होती.

"पुनबिन काय न्हाय, गुरुजी. र्‍हायला होता, पुरा झाला," म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

पलीकडे एकेक लूम पुन्हा सुरू झाला. काका अजून खांबाशीच होते. मी त्यांच्या शेजारी, डाव्या कानाकडे बसलो आणि विचारलं, "काका, कसं वाटलं ऐकून?" ते समोर बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. काहीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि मी काय विचारतोय ते त्यांनी अंदाजाने ओळखलं.

"न्हाय ऐकला," ते म्हणाले. "कान मेला, गुरुजी. दिवालीच्या आदीच मेला. तिला म्हाईत हाय."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग त्यांनी लूम बंद कुणासाठी करायला लावले, हे विचारायची गरज उरली नव्हती. माझा चेहरा बघून काकांनाच माझी कीव आली असावी. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"पन सगला कलला. येक अक्षर सुटला न्हाय," ते म्हणाले, आणि आतल्या चुलीकडे बघून हसले. "तिला मिशी न्हाय ना."

त्याच संध्याकाळी मी न्हाव्याकडे गेलो आणि मिशी उतरवली.